हलाल होता ना, मग पडला कसा?

(कल्याणमधील तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, शेअर बाजाराचा जाणकार नाही. तरी आज त्यावर बोलतोय, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे.

कल्याण-ठाणे लोकलमध्ये रोज भेटणाऱ्या मित्रांकडून मला एका बायोटेक कंपनीचं नाव कळलं. ते इथे घेत नाही. मी शेअर घेतले आणि दूधनाक्याजवळ राहणाऱ्या माझ्या मामूंनाही घ्यायला लावले. त्यांनी ऐंशी हजार टाकले. पैसे मुलीच्या बी.फार्मच्या फीसाठी ठेवलेले होते. चार महिन्यांत ऐंशीचे पंचेचाळीस झाले. रोज मगरिबनंतर त्यांचा फोन यायचा. एकदा त्यांनी विचारलं, "शेअर हलाल होता ना रे? मग पडला कसा?"

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. शरिया निकष कंपनीचा धंदा कोणता, कर्ज किती, व्याजाचं उत्पन्न किती, एवढंच तपासतात. औषध चाचणीत टिकेल का, हे ते सांगत नाहीत. दारू आणि बँका वगळल्या की यादीत औषध कंपन्या बऱ्याच उरतात. आपण त्या यादीलाच सुरक्षिततेचा दाखला समजतो.

बायोटेकमध्ये जोखीम मुळातच मोठी. माणसांवरच्या चाचण्यांचे साधारण तीन टप्पे असतात आणि त्यात उतरलेल्या दहा औषधांपैकी जेमतेम एकाला मंजुरी मिळते. कारखान्याचं वेगळंच. आपल्या महाराष्ट्रातल्या वोक्हार्टचं उदाहरण घ्या. २००३ मध्ये या कंपनीने जैवतंत्रज्ञानाने बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. पण मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने तिच्या वाळूजच्या कारखान्यातल्या मालावर आयातबंदी घातली, नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याच्याही. त्या वर्षी शेअर निम्म्याहून जास्त घसरला. त्याच कंपनीचं नवं प्रतिजैविक नॅफिथ्रोमायसिन नोव्हेंबर २०२४ मध्ये समोर आलं. त्यामागे १४ वर्षांचं संशोधन आणि सुमारे ५०० कोटींचा खर्च होता.

१४ वर्षं! मामूंची फी मात्र जुलैमध्ये भरायची होती. चूक इथे झाली. कंपनी चांगली की वाईट, हा नंतरचा प्रश्न. ज्या पैशाला तारीख आहे, तो आम्ही तारीख नसलेल्या कामात घातला.

घसरण सुरू झाल्यावर आम्ही दुसरी चूक केली. 'अजून घ्या, सरासरी खाली येईल,' असं ग्रुपवर सगळे एकमेकांना सांगू लागले. शंभराचे पन्नास झाले, तर पुन्हा शंभर व्हायला शंभर टक्के वाढ लागते, हा हिशेब कुणीच मांडला नाही. सॉफ्टवेअर बंद पडलं की मी आधी लॉग वाचतो. इथे मी फक्त भाव बघत बसलो. कंपनीची निवेदनं आणि तिमाही निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ते मी शेअर पडल्यावर पहिल्यांदा उघडले. कंपनी सलग तोट्यात होती. हे खरेदीच्या आधीही तिथेच लिहिलेलं होतं.

तुमच्यापैकी कुणाचा शेअर आज पडत असेल, तर तीन गोष्टी स्वतःला विचारा. घेताना जे कारण होतं, ते अजून खरं आहे का? हे पैसे मला कधी लागणार आहेत? आज हातात शेअर नसता, तर या भावाला मी तो घेतला असता का? तिन्हींची उत्तरं कागदावर लिहा, मग ठरवा. उधार काढून खरेदी वाढवू नका.

आणि दुसऱ्याला नाव सुचवण्याआधी थांबा. मामूंनी कंपनीवर विश्वास टाकला नव्हता, माझ्यावर टाकला होता. तीही अमानतच होती.

फी साठ हजार होती. आम्ही सगळे शेअर विकले, वरचे पंधरा हजार मी घातले. मामू घेत नव्हते. मामींनी मुकाट्याने घेतले आणि म्हणाल्या, "यापुढे आधी मला विचारायचं."

आता विचारतो.