वन्स मोअर वेगळा, रिपीट वेगळं

आजचा विषय जरा पाप लागेल असाच आहे. शास्त्रीय संगीतातलं असं काय आहे, जे ऐकून ऐकून तुम्हाला आता नकोसं झालंय? खरं सांगायचं हं. आजी शेजारी बसली असेल तर हेडफोन लावा.

माझ्यापासून सुरू करतो. पंडित भीमसेन जोशींचं ‘माझे माहेर पंढरी’. थांबा, लगेच अनफॉलो करू नका! आपण सोलापूरचे, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. आषाढी जवळ आली की मंडपात तेच, चहाच्या गाड्यावर तेच, निम्म्या गावाच्या स्टेटसला तेच. बरं, हे झालं मराठीचं. कन्नड घरात शुक्रवारी ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ लागतं, आणि तिथंही आवाज भीमसेनांचाच. पूर्व भागात, आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडं जा, पहाटे एम. एस. सुब्बुलक्ष्मींचं वेंकटेश सुप्रभातम. ते रेकॉर्डिंग १९६३ सालचं आहे. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ रोज पहाटे तोच आवाज, तोच श्वास, त्याच सेकंदाला.

आता या तिन्हीत नाव ठेवायला जागा आहे का? काहीच नाही. तिन्ही एक नंबर. तरी कान बंद होतो. पंख्याचा आवाज कसा ऐकू येईनासा होतो, तसं.

मग मी विचार करत होतो, नक्की कंटाळा कशाचा आलाय? अभंगाचा? रागाचा? मला वाटतं नाही. कंटाळा त्या एका रेकॉर्डिंगचा आलाय. हा फरक लय महत्त्वाचा आहे, कारण आपलं संगीत मुळात तसं बांधलेलंच नाही. ख्यालातली बंदिश घ्या. स्थायी आणि अंतरा, सगळं मिळून चार ओळी. बाकी आलाप, बोल, ताना, हे गाणारा त्या दिवशी, तिथं बसून करतो. कालचा यमन आज परत येत नाही. चार ओळींवर तासभर काढायचा, तर तेच ते करून कसं चालेल?

घोळ सुरू झाला १९०२ मध्ये. कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीनं गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड केलं. तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. ज्या बाई मैफलीत एक राग तासभर गायच्या, त्यांनी तो तीन मिनिटांत बसवला, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही सांगितलं. (तेव्हाचं वॉटरमार्कच म्हणा की.) त्या तीन मिनिटांनी गाणं घराघरात नेलं, हे उपकार आहेतच. पण गाणं पहिल्यांदाच गोठलं. पुढच्या पिढ्यांनी ‘हे गाणं असंच असतं’ असं धरून टाकलं.

तबकडीशिवाय परत ऐकायची सोय नव्हती असं नाही. वन्स मोअर होता! संगीत नाटकांत बालगंधर्वांच्या पदांना इतके वन्स मोअर मिळायचे की नाटक पहाटेपर्यंत चालायचं. पण वन्स मोअर म्हणजे रिपीट बटण नव्हे. तेच पद परत यायचं, पण दुसऱ्या जागा घेऊन. लोक म्हणत होते, ‘अजून काय आहे तुमच्याकडं, दाखवा.’ रिपीट बटण म्हणतं, ‘जे होतं तेच दे.’ मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळं मला हे कॅशेसारखं वाटतं. एकदा काढलेलं उत्तर साठवून ठेवायचं आणि प्रत्येकाला तेच द्यायचं. फास्ट असतं, स्वस्त असतं. फक्त पलीकडं नवीन काही घडत असेल तर तुम्हाला कळत नाही.

आणि घडतंय का नवीन? इथं खरी अडचण आहे.

माझी एक मैत्रीण गाते. बारा वर्षं शिकतेय. दिवाळी पहाटचं बोलावणं आलं की मानधनाच्या आधी व्हॉट्सॲपवर यादी येते. दहा-बारा गाणी, त्यातली आठ तरी दरवर्षी तीच. तिला ललत गायचा होता, निदान चाळीस मिनिटं. उत्तर आलं, ‘मॅडम, लोकं उठून जातील. रागाला दहा मिनिटं घ्या.’ तिनं घेतली. न घेऊन काय करणार? पुढच्या वर्षी बोलावणंच आलं नसतं.

आता यात वाईट काय ते बघा. आपल्याकडं रागांना वेळा आहेत. ललत, तोडी, अहिर भैरव हे सकाळचे. मालकंस, दरबारी रात्रीचे. पण आपले कार्यक्रम होतात कधी? ऑफिस सुटल्यावर, सहा ते दहा. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, म्हणजे रात्रभराच्या मैफली गेल्या. राहिलं काय, तर यमन, पूरिया धनाश्री, मारवा. यमनचा कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनो, दोष यमनचा नाही, टाइमटेबलचा आहे! आणि वर्षातून एकदा, दिवाळीत, हजारभर माणसं अंघोळ करून, नवे कपडे घालून पहाटे पाचला खुर्चीवर येऊन बसतात. सकाळचा राग समोर बसून ऐकायची याहून चांगली वेळ कुठली? तीच वेळ आपण अशा गाण्यांवर घालवतो, जी सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच आहेत.

आयोजकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण ‘दरवर्षी तेच बे’ म्हणणारा माणूस आणि ओळखीचं पद सुरू होताच सगळ्यात आधी टाळ्या देणारा माणूस एकच असतो. बघा कधी मागं वळून.

भैरवीचं तर याहून हाल. खरं तर सकाळची रागिणी, पण मैफल कधीही असो, शेवट तिच्यावर करायची प्रथा. परिणाम? भैरवीचा सूर लागला की अर्धं सभागृह चपला शोधतं, उरलेलं पार्किंगचा विचार करतं. आपल्यापैकी किती जणांनी भैरवी निवांत बसून ऐकलीय?

तैवानमध्ये म्हणे कचऱ्याच्या गाड्यांवर बेथोवनचं ‘फ्युर एलिझ’ वाजतं. तिथल्या पोरांना बेथोवन ऐकला की ओला कचरा, सुका कचरा आठवत असणार. आपली भैरवी त्याच वाटेवर आहे.

पण एक गंमत सांगतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात शेवटी सवाई गंधर्वांचीच जुनी रेकॉर्ड लावतात, भैरवीतली ठुमरी. महोत्सव भीमसेनांनी १९५३ मध्ये गुरूंच्या आठवणीत सुरू केला. ते रेकॉर्डिंगच आहे, गोठलेलंच आहे, दरवर्षी तेच आहे. तरी माणसं थांबून ऐकतात. का? वर्षातून एकदाच लागतं म्हणून, असं माझं मत.

दुसरा रस्ता कुमार गंधर्वांचा. बेळगाव जिल्ह्यातले, लहानपणापासून कौतुक झालेले. ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद. परत गायला लागल्यावर त्यांनी जे कार्यक्रम केले, त्यात एक होता ‘मला उमजलेले बालगंधर्व’. तेव्हासुद्धा ती पदं सगळ्या महाराष्ट्राला पाठ होती. आणि माणूस तीच पदं घेऊन बसला, पण नक्कल करायला नाही. शीर्षकातलं ‘मला उमजलेले’ बघा, तिथंच सगळं आलं.

तर या आठवड्याला एक करून बघा. यमन घ्या. भीमसेन जोशींचा, किशोरी आमोणकरांचा, राशिद खान यांचा. तीन-चार मिनिटांची क्लिप नको, पूर्ण. ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर ॲप तुम्हाला परत तिथंच आणून सोडतं. एका दिवशी एकच. तिघंही तोच तीव्र मध्यम लावतात, पण त्याच्यापर्यंत कोण कसं पोचतं तेवढंच बघा. आणि या दिवाळीत पहाटेच्या कार्यक्रमाला जाणार असाल, तर आयोजकांना आधी मेसेज टाका: ‘तोडी ऐकायचीय, अर्धा तास तरी.’ पाच जणांनी टाकला तरी यादी हलते, असं मैत्रीण सांगते.

तुमचं नकोसं झालेलं गाणं कुठलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल, आजीपर्यंत जाणार नाही. पुढच्या भागात त्यातली चार ऐकवतो. चला, भेटू!