आयरिश घरांतील सांजवेळ

(ज्युबिली-सप्ताहांत कुटुंबदिनीं जानेफळ येथें केलेलें भाषण)



कुटुंबांतील चालीरीतींविषयीं चार शब्द बोलावे अशी समितीनें आज्ञा केली, तेव्हां आपल्याच घरांविषयीं बोलावें असें प्रथम आमच्या मनांत आलें. परंतु घरच्या गोष्टी इतक्या जवळच्या असतात कीं त्या दिसेनाशा होतात. डोळ्यांतलें काजळ डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून आज आपणांस दूरच्या एका घरीं नेण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें घर आयर्लंडांतलें. आम्हीं तें प्रत्यक्ष पाहिलेलें नाहीं. आम्ही सेमिनरींत असतां एक वृद्ध आयरिश फादर आम्हांस शिकवीत. वर्गांत ते फार कडक. पण रात्रीच्या जेवणानंतर व्हरांड्यांत येरझारा घालतां घालतां त्यांना आपलें बालपण आठवलें, म्हणजे घंटा होईपर्यंत आमची सुटका नसे, आणि ती आम्हांस नकोही असे. पुढें वाचनांत जें आलें त्यानें त्यांच्या बोलण्यास दुजोराच मिळाला.

पश्चिम आयर्लंडांतील शेतकऱ्याचें घर म्हणजे दगडी भिंतींचें, गवतानें शाकारलेलें, दोनतीन खोल्यांचें. दार मधोमध आडवें कापलेलें असे. खालचा भाग लावला म्हणजे कोंबड्या बाहेर व रांगतीं मुलें आंत राहत. वरच्या उघड्या भागांतून उजेड आणि शेजारच्या बातम्या येत. रात्रीं निजण्यापूर्वीं आई विस्तव राखेखालीं पुरून ठेवी व तें करतांना एक छोटी प्रार्थना पुटपुटे. सकाळीं राख सारली कीं त्याच निखाऱ्यावर नवा दिवस पेटे. गॅसची शेगडी येण्यापूर्वीं राखेंत गोवरी दडपण्याची ही रीत मेहकर तालुक्यांत कोणत्या घरीं नव्हती?

जेवण आटोपलें म्हणजे बाप खुंटीवरची जपमाळ काढी. ती काढतांच बोलणें थांबे. सर्वजण खुर्चीच्या बैठकीवर कोपरें टेकून, भिंतीकडे तोंड करून गुडघे टेकत. पांच रहस्यें वांटून दिलेलीं असत. पहिलें बापाचें, दुसरें आईचें, मग वयाप्रमाणें मुलांचीं. आणि माळ संपली तरी सुटका नव्हतीच, कारण त्या माळेला एक लांबलचक शेपूट असे: वारलेल्या मावशीसाठीं एक नमो मरिया, आजारी गाईसाठीं एक, कोर्टांत खटला चाललेल्या शेजाऱ्यासाठीं एक, आणि परदेशीं गेलेल्या प्रत्येक भावासाठीं एकेक. धाकटीं मुलें तेथेंच खुर्चीवर डोकें ठेवून झोपीं जात. आमचे फादर म्हणत, भूगोल आपण शाळेंत नव्हे तर त्या शेपटांत शिकलों. बॉस्टन आणि ग्लासगो हीं नांवें प्रथम गुडघ्यांवर असतांना कानीं पडलीं.

अशाच एका घरीं, मेयो परगण्यांत, १९०९ सालीं फादर पॅट्रिक पेटन जन्मले. भावंडें नऊ, वडील आजारी, जमीन थोडी. पण माळ कधीं चुकली नाहीं. १९२८ सालीं ते भावासह अमेरिकेस गेले, तेथें शिकत असतां क्षयानें अंथरुणास खिळले, बरे झाले व १९४१ सालीं धर्मगुरू झाले. पुढें १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत घराघरांत माळ व्हावी ह्या एकाच कामासाठीं ते देशोदेशीं हिंडले. त्यांनीं जगास सांगितलें तें पुस्तकांतलें नव्हतें. तें बापाच्या स्वयंपाकघरांतलें होतें.

त्या लोकांत भेटणाऱ्यास "देव तुमच्याजवळ असो" असें म्हणत, व ऐकणारा "देव आणि मरिया तुमच्याजवळ असोत" असें उत्तर देई; म्हणजे घेतलेल्यापेक्षां परत कांहीं अधिक द्यावयाचें. शेतांत राबणाऱ्याजवळून त्याच्या कामास देवाचा आशीर्वाद चिंतिल्यावांचून पुढें जाणें असभ्यपणाचें समजत. सुगीच्या वेळीं सारी वस्ती एकाच्या शेतावर जमे व मग पाळीनें दुसऱ्याच्या. त्याला ते 'मेहल' म्हणत, आपण वऱ्हाडांत इर्जिक म्हणतों. एक फेब्रुवारी हा संत ब्रिजिडचा सण. त्याच्या आदल्या सायंकाळीं लव्हाळे आणून मुलें त्यांचा क्रूस विणीत व तो दारावर अडकवीत, कां तर घरास आग लागूं नये. आमच्यासारखे सेमिनरींत शिकलेले लोक ह्यावर नाक मुरडतील. मुरडोत बापडे! क्रूस कसा असतो हें त्या मुलांच्या बोटांना आधीं कळलें, मग डोक्याला.

पण आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती घरोघरच्या मिस्सेची चाल. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्या देशांत कॅथॉलिकांविरुद्ध कठोर कायदे झाले. बिशपांना हद्दपारी झाली, आणि लोक माळरानावरच्या एखाद्या सपाट खडकाभोंवतीं किंवा कोणाच्या तरी घरीं मिस्सेस जमूं लागले. १८२९ पर्यंत त्या कायद्यांतील बहुतेक जाच संपला, चर्चें उभीं राहिलीं. तरी घरची मिस्सा लोकांनीं सोडली नाहीं. पाळीनें एकेका घरीं ती होई. पाळी आली म्हणजे महिनाभर आधीं घरांत धांदल सुरू. भिंतींना चुना, दाराला रंग, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या बश्या. जेवणाचें मेज हीच वेदी. मिस्सेनंतर त्याच मेजावर सर्वांची न्याहारी, आणि वर्षभर अबोला धरलेले दोन भाऊ एकाच किटलींतला चहा पीत. आमच्या फादरांना आपल्या घरची पाळी सत्तर वर्षांनींही आठवत होती: कीं ज्या मेजावर आपण काल बटाटे सोलले त्यावर आज प्रभु आला.

आतां ह्या चित्राची दुसरी बाजू. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील पांचसहा वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. त्यानंतर घर सोडणें हाच रिवाज झाला. मुलगा अमेरिकेस निघण्याच्या आदल्या रात्रीं शेजारीपाजारी जमत, गात, रडत. मृताजवळ जागावें तसे जागत. सकाळीं तो जाई. बहुतेक आईबापांना तो पुन्हां दिसत नसे. दिसे तें त्याचें पत्र आणि त्यांतले पैसे.

मुलांना परदेशीं नोकरी मिळावी तर इंग्रजी हवें, म्हणून आईबापांनीं घरची आयरिश भाषा मुलांशीं बोलणें टाकलें. कित्येक ठिकाणीं मुलाच्या गळ्यांत काठी बांधीत. आयरिश शब्द तोंडांतून निघाला कीं काठीवर एक खांच, आणि खांचा मोजून छड्या. १८५१ च्या शिरगणतींत सुमारें १५ लाख लोक ती भाषा बोलत. १९११ सालीं सहा लाखही उरले नव्हते. त्या आईबापांस दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. भुकेपुढें कोण काय करील? पण आमच्या फादरांनीं एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनांतून जात नाहीं. त्यांची आजी माळ आयरिश भाषेंत म्हणे, आणि बाकीचें घर इंग्रजींत. एकाच चुलीपाशीं दोन माळा चालत. आजी वारली त्या रात्रीं तिच्या तोंडचे शेवटचे शब्द नातवंडांना कळले नाहींत.

ही गोष्ट आयर्लंडाचीच आहे असें कोणी समजूं नये. आपल्या महाराष्ट्रांतही आयरिश बापाचें एक घर होतें. स्लायगोचे लिओ मिलिगन हे इंग्रजी तोफखान्यांत नोकरीस होते. त्यांचा मुलगा स्पाइक १६ एप्रिल १९१८ रोजीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, जन्मला व पुण्यास जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटांत शिकला. तेथल्या नाताळच्या नाटकांत त्याला विदूषकाचें काम दिलें होतें, आणि शेवटच्या गव्हाणीच्या देखाव्यांत विदूषकास जागा नव्हती. हा पोरगा गर्दींत घुसला व बाळ येशूजवळ जाऊन उभा राहिला! विदूषकालाही तेथें जागा असावी असें त्याला वाटलें. आम्हांस तर त्याचेंच धर्मशास्त्र खरें वाटतें. पुढें तें कुटुंब इंग्लंडास गेलें व हा मुलगा मोठा विनोदी नट आणि लेखक झाला. २००२ सालीं तो वारला. थडग्यावर आपला एक विनोद कोरावा अशी त्याची इच्छा होती. तो इंग्रजींत कोरण्यास चर्चची संमति मिळेना, म्हणून शेवटीं आयरिश भाषेंत कोरला. जी बोली बालपणीं त्याच्या घरीं नव्हती, ती त्याच्या थडग्यावर आली.

जानेफळच्या लोकांनो, हें सारें आम्हीं कां सांगितलें तें आपण ओळखलें असेलच. आपलींही मुलें पुण्यास व मुंबईस जातात. जावोत, शिकोत, इंग्रजी उत्तम बोलोत. पण मागल्या वर्षीं एका आजीला तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यास आम्ही गेलों होतों. आजीनें "हे आमच्या स्वर्गांतील बापा" म्हणून सुरुवात केली आणि अर्ध्यावर, आपल्या जुन्या संवयीप्रमाणें, पुढचें नातवंडांनीं म्हणावें म्हणून ती थांबली. वसतिगृहांतून आलेलीं तीं गुणी मुलें हात जोडून उभीं होतीं. त्यांना प्रार्थना येत होती, पण आजीच्या भाषेंत येत नव्हती. पुढचें आम्हीं म्हटलें. आजीनें आमच्याकडे पाहिलें नाहीं. ती मुलांकडेच पाहत राहिली. ज्या मराठींत फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज माणसानें ख्रिस्तपुराण रचलें व १६१६ सालीं छापविलें, ती आपल्याच उंबऱ्याबाहेर कां उभी राहावी?

समितीशीं बोलून आम्हीं असें ठरविलें आहे कीं येत्या आगमनकाळापासून दर शुक्रवारीं सायंकाळीं पाळीनें एका घरीं मिस्सा व्हावी. पहिलें घर चिठ्ठ्या टाकून निघेल. घर झाडलेलें असलें म्हणजे पुरे. रंगाचा खर्च कोणीं करूं नये, आणि चहापलीकडे कांहीं ठेवूं नये. मिस्सेपूर्वीं माळ होईल. पहिलें रहस्य घरांतल्या सर्वांत वडील माणसानें म्हणावें, पांचवें सर्वांत लहानानें, आणि दोन्ही मराठींत. पुण्यामुंबईस असलेल्या मुलांना त्या वेळीं फोन लावून ठेवण्यास आमची हरकत नाहीं. नांवें नोंदविण्याची वही मंडपाच्या दाराशीं ठेवली आहे. ज्यांना लिहितां येत नसेल त्यांनीं आपलें नांव कोणा मुलाकडून लिहवून घ्यावें.