विकत घेतलेला खेळ कोणाचा?

विकत घेतलेलें पुस्तक शेजाऱ्यास वाचावयास देण्यास प्रकाशकाची परवानगी लागत नाहीं. खेळाच्या तबकडीचें मात्र २०१३ सालीं निराळें होऊं घातलें होतें. मायक्रोसॉफ्टच्या नव्या ‘एक्सबॉक्स वन’ यंत्रानें दर २४ तासांत एकदां इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावावी, नाहींतर खेळ बंद. शिवाय तबकडी उसनी देण्याची आरंभीं सोयच नाहीं, असे नियम प्रसिद्ध झाले. ग्राहक खवळले. प्रतिस्पर्धी सोनीनें १० जून रोजीं असें बंधन घालणार नसल्याचें सांगितलें. किंमतही शंभर डॉलरनें कमी ठेविली. १९ जूनला मायक्रोसॉफ्टनें नियम मागें घेतले.

तथापि तबकडीवांचून, परस्पर इंटरनेटवरून घेतलेल्या खेळांत बहुधा मिळतो तो केवळ वापराचा परवाना. पैसे मोजण्यापूर्वीं ग्राहकानें हा भेद ओळखावा.