साठीनंतरचा चहा

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं मी चहा पिऊं लागलों. आमच्या पुण्याच्या घरांत तो वर्ज्य होता. १८९० सालीं गोपाळराव जोश्यांनीं पंचहौद मिशनमध्यें घडवून आणलेल्या चहापानाचें ग्रामण्य झालें. टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. वस्तुतः दोष चहाचा नव्हे, पाद्र्यांच्या घरचा. पण पणजोबांनीं चहाच सोडला, आणि घरांतील पुरुषांनीं तो नेम चालविला.

सौभाग्यवती मात्र घेत असे. चाळीस वर्षें, एकटी, स्वयंपाकघरांत, उभ्यानें.

निवृत्तीनंतर आम्ही ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर मुलाकडे राहावयास आलों. गेल्या पावसाळ्यांत तिचा हात मोडला आणि चहाचें काम मजकडे आलें. पहिल्या दिवशीं मीं पत्ती फार उकळली; दूध नांवालाच. ती म्हणाली, "स्वतः चाखून तरी पाहा." चाखला, जीभ आखडली! दुधांतील केसीन हें प्रथिन चहाचा तुरटपणा बांधून घेतें, हें मागाहून कळलें. पुढें आलें झालें, गवती चहा झाला.

हात बरा झाला. दुसरा पेला मात्र राहिला. सकाळीं येऊरच्या डोंगराकडे तोंड करून आम्ही गॅलरींत बसतों. "इतक्या वर्षांत मला कधीं बोलावलें कां नाहींस?" मीं एकदां विचारलें.

"तुम्ही कधीं आंत डोकावलांत?" म्हणाली, आणि गाळणें धुवावयास गेली.