किल्ली कोणाच्या हाती?



संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घराचा कारभारीच. 'विंडोज'साठी आपण पैसे मोजतो, पण हाती येतो तो केवळ वापराचा परवाना. तिची मूळ आज्ञावली कंपनीच्या कुलुपात राहते. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. प्रणाली कुणीही वापरावी, तपासावी, बदलावी, वाटावी, हा त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स यांनी तिला हवा असलेला गाभा, 'लिनक्स', पुरवला.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटले. २०१६ मध्ये तीच कंपनी लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली! तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच.

या चुरशीत आपले काय गुंतले आहे? आपली भाषा. विंडोजमध्ये मराठी आहे. पण ती किती आणि कुठवर द्यायची, हे कंपनी ठरवते. लिनक्सवरील 'ग्नोम'चा मराठी अनुवाद मात्र तुम्हीआम्हीही सुधारू शकतो. अर्थात कुणी बसलेच नाही, तर तो अर्धाच राहतो. स्वातंत्र्याचे मोल असे श्रमाने चुकवावे लागते.

महाराष्ट्राबाहेर वाचनालये आणि नाट्यमंडळे पिढ्यान्‌पिढ्या बिनपगारी कष्टांवर चालवणाऱ्या आपल्या घरांना हा व्यवहार नवा नाही. तेव्हा आपल्या मंडळाच्या संगणकावर कोणती प्रणाली असावी, हा निर्णय केवळ दुकानदारावर सोडू नका.