ओल की ओळ?

गेल्या महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कविता पोचली म्हणाले, आवडलीही. मग जरा घुटमळले. "एक विचारू का? राग मानू नका. 'तिची ओल माझ्याकडे राहिली' असं आहे, ते ओल आहे की ओळ?"

'राग मानू नका' मला ओळखीचं आहे. आमच्या घरच्या बोलीत ळ नव्हता. अम्मी बाजारात 'केली' मागायची आणि फळवाला हसत हसत केळी द्यायचा. मी शाळेला 'साला' म्हणालो तेव्हा अख्खा वर्ग खिदळला होता. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी आठवडाभर, सुट्टी झाल्यावर, शाळा-फळा-काळा म्हणून घेतलं. जीभ मागे वळव, म्हणायचे. त्या ळच्या जोरावर मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. आणि आता पन्नाशी उलटल्यावर पुन्हा तोच प्रश्न!

संपादकांना म्हणालो, "संध्याकाळी सांगतो." कॉम्प्युटर उघडून कविता पाहिली. खरंच 'ओल' होती. मी तर ओळ लिहिली होती.

माझा कीबोर्ड बिनतारी आहे. तो काही दिवसांपासून बिघडल्यासारखा वागत होता. मध्येच अक्षर गाळायचा, मध्येच 'ररररर' अशी रांग लावायचा. 'भाकर'ची 'बाकर' व्हायची, 'घर'चं 'गर'. अशा चुका डोळ्यांना दिसायच्या, मी दुरुस्त करायचो. ओल मात्र खरा शब्द, तो नजरेतून सुटला.

पुण्यात असलेल्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "अब्बा, आधी सेल बघा." पाहिले तर एक सेल नवा आणि दुसरा भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला. काटकसर! जुना सेल पाझरून पत्र्याच्या पट्टीवर पांढरट थर जमला होता. अल्कलाइन सेलमधून पाझरतं ते क्षारधर्मी असतं, म्हणून कापसाच्या काडीने लिंबाचा रस लावून थर पुसला, पट्टी पूर्ण वाळू दिली. मग दोन्ही सेल नवे घातले, एकाच जातीचे. थोडा फरक पडला, पण रांगा लागायच्या थांबल्या नाहीत.

"तो छोटा रिसीव्हर कुठे खोचलाय?" टेबलाखाली, पेटीच्या मागच्या बाजूला, बाहेरच्या हार्ड डिस्कला खेटून. तिथेच घोळ होता. असे बहुतेक कीबोर्ड २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात. वायफाय, ब्लूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. शिवाय वेगवान यूएसबी ३.० च्या खाचेतून आणि तिला जोडलेल्या डिस्कमधून त्याच पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेल कंपनीनेच २०१२ साली तसं लिहून ठेवलं आहे. त्यात मध्ये पेटीचा पत्रा. बोट कळ दाबतं तो निरोप हरवला, तर अक्षर गळतं. बोट उचलल्याचा निरोप हरवला, तर कॉम्प्युटरला वाटतं बोट अजून तिथेच आहे, आणि 'र'ची रांग लागते. हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन रिसीव्हर टेबलावर आणला. अक्षरं गळायची थांबली, रांगाही थांबल्या.

पण ळ? तो अजूनही कधी उमटे, कधी त्याचा ल होई.

मी इन्स्क्रिप्ट पद्धतीने टाइप करतो. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे. तिच्यात ल आणि ळ एकाच कळीवर राहतात, शिफ्ट दाबली तर ळ. ब-भ, ग-घ, स-श यांचंही तसंच. विचार करता करता लक्षात आलं की ण कधीच चुकत नव्हता. ण असतो डाव्या हाताकडे, त्यासाठी मी उजवी शिफ्ट दाबतो. चुकणारी सगळी अक्षरं उजव्या हाताची, म्हणजे डाव्या शिफ्टची. विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला. त्यावर दाबलेली कळ उजळते. उजवी शिफ्ट दर वेळी उजळली, डावी चार वेळांतून एकदा. लहरी, सेल, कॉम्प्युटर सगळे निर्दोष ठरले!

सेल काढले, कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटला. नानकटाईचा चुरा पडला. (डॉक्टरांनी मना केलेली नानकटाई. घरात हे कुणाला सांगू नका.) कोरड्या ब्रशने कडा झाडल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला बोळा कळीभोवती फिरवला, अर्धा तास वाळू दिलं. मग शाळा, फळा, काळा लिहिलं. तिन्ही बरोबर उमटले.

संध्याकाळी फोन उचलला आणि अडखळलो. 'तिची ओल माझ्याकडे राहिली.' वाईट नव्हती हो. अम्मी गेली त्या वर्षीचा पाऊस आठवला. कवितेला कदाचित ती जास्त शोभली असती. वाचणाऱ्यांनी वाखाणलीही असती.

"काय ठरलं?" संपादकांनी विचारलं.

"ओळ," मी म्हणालो. "ळ. बाळातला."