तरवारीनें घेतलें थोडें, लेखणीनें घेतलें फार

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें भाषण)



लढायांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आज आम्ही एका शिपाईगड्याची हकीकत सांगणार आहों. पण तींत लढाई थोडी आणि कागद फार. जमीन हातची कशी जाते, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्यानें कान देऊन ऐकावें.

विल्यम हेन्री हॅरिसन हा १७७३ सालीं अमेरिकेंत व्हर्जिनिया येथें एका बड्या जमीनदाराच्या वाड्यांत जन्मला. १७९१ सालीं तो फौजेंत शिरला व ओहायो नदीकडील सरहद्दीवर गेला. तेथें शॉनी, मायामी, डेलावेअर वगैरे मूळचे लोक आपल्या मुलखासाठीं झगडत होते. १७९४ सालीं फॉलन टिंबर्स येथें त्यांचा मोड झाला. पुढच्याच वर्षीं ग्रीनव्हिलच्या तहानें आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला. हॅरिसन त्या लढाईंत सेनापति वेन याच्या हाताखालीं होता. तरवारीचें काम येथें त्यानें पाहिलें.

१८०० सालीं तो इंडियाना प्रांताचा गव्हर्नर झाला. रयतेनें निवडलेला नव्हे, वरून नेमलेला; वय अवघें सत्तावीस. आतां त्याच्या हातीं लेखणी आली.

१८०३ सालीं अध्यक्ष जेफर्सन यानें त्याला एक खासगी पत्र लिहिलें. त्याचा मतलब असा कीं, या लोकांत सरकारी दुकानें वाढवावीं. त्यांच्यांतील वजनदार पुढारी कर्जांत पडले तर बरेंच होईल. कारण कर्ज आवांक्याबाहेर गेलें कीं ते जमिनीचा तुकडा तोडून देण्यास आपण होऊन तयार होतात. ज्या घरांत गहाणखत लिहून झालें आहे, त्या घरास याचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं. उधारी देणारा हंसतमुखानें देतो. त्याचा डोळा मालाच्या किंमतीवर नसतो, बांधावर असतो.

१८०४ सालीं सेंट लुई येथें सॉक व फॉक्स या जमातींचे पांच पुढारी एका खुनाच्या प्रकरणाचा निकाल लावावयास आले होते. जमीन विकण्याचा अधिकार त्यांच्या लोकांनीं त्यांना दिलेला नव्हता. तरी हॅरिसननें त्यांच्याकडून अफाट मुलखाचा कागद करून घेतला. मोबदला काय? दोन हजारांवर कांहीं डॉलरांचा माल, आणि दरसाल १,००० डॉलर. त्या वेळीं सरकार नव्या वसाहतवाल्यांस जमीन विकी ती निदान २ डॉलर एकरानें. हिशेब आपणच करा : ५०० एकर विकले कीं त्या सगळ्या मुलखाचें सालाचें देणें फिटलें!

१८०९ सालीं फोर्ट वेन येथें आणखी पंचवीस-तीस लाख एकर गेले. तेव्हां शॉनी वीर टेकम्से उभा राहिला. १८१० सालीं त्यानें व्हिन्सेन्स येथें गव्हर्नरास तोंडावर बजावलें कीं, जमीन सर्वांची आहे. एका-दोघांस ती विकतां येत नाहीं. कागद रद्द झाला नाहीं. १८११ सालीं टेकम्से दूर दक्षिणेंत साथीदार मिळवावयास गेला असतां हॅरिसन फौज घेऊन टिपेकॅनो नदीवर आला. लढाईनंतर तेथील गांव त्यानें जाळलें, आणि सांठविलेला मकाही जाळला. हिंवाळ्याच्या तोंडावर धान्य जाळणें म्हणजे काय, हें कुणब्यास विचारावें. १८१३ सालीं टेकम्से रणांत पडला.

कोणी म्हणेल, पण त्या जमिनीवर गरीब गोरा शेतकरी तर बसला ना? होय. १८०० सालच्या कायद्यासाठीं हॅरिसननेंच खटपट केली होती. पूर्वीं ६४० एकरांखालीं जमीन मिळत नसे, ती ३२० एकरांपर्यंत मिळूं लागली. चौथाई रोख आणि बाकी हप्त्यांनीं. गरिबांस हें बरें वाटलें. पण १८१९ च्या मंदींत हजारोंचे हप्ते तुंबले, आणि १८२० सालीं सरकारास ही उधारीच बंद करावी लागली. ज्या उधारीनें एकाची जमीन गेली, तिच्याच फांसांत दुसऱ्याची मान अडकली.

याच गव्हर्नरानें आपल्या प्रांतांत गुलामगिरीची बंदी दहा वर्षें उठवावी म्हणून १८०२ सालीं खटपट केली. ती फसली, तेव्हां कराराच्या कागदावर माणसें बांधून ठेवण्याचा कायदा झाला. पुढें अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं गुलामांस मुक्त केलें, त्यांस जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अर्पण केलें. एकाच देशांत दोन्ही जातींचीं माणसें निपजतात, हें विसरूं नये.

१८४० सालीं वाड्यांत जन्मलेला हा हॅरिसन लाकडी झोंपडींतला साधा माणूस म्हणून मतें मागत सुटला व अध्यक्ष झाला. महिन्याभरांतच, १८४१ च्या एप्रिलांत, तो वारला. कागद मात्र मागें राहिले, आणि त्यांच्या पायीं १८३२ सालीं सॉक लोकांचे मुडदे पडले होते.

बंधूंनो, आमचें सांगणें इतकेंच. तरवार दिसते, म्हणून मनुष्य सावध होतो. उधारी आणि सही दिसत नाहीं. कोणी सढळ हातानें कर्ज देऊं लागला तर त्याचा डोळा कोठें आहे तें पहा. सर्वांच्या मालकीचा कागद एकट्यानें करूं नका. आणि कोणी स्वस्त जमीन देऊं लागला, तर ती काल कोणाची होती, हें आधीं विचारा.